फोन मीच का करायचा?

पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका पस्तिशीच्या आहेत, परदेशातल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत आणि तिथे एकट्या राहतात. जाऊन सहा वर्षं झाली. आईवडील धाकट्या भावाकडे असतात, त्यांच्याशी रोज बोलणं होतं. तक्रार मैत्रिणींबद्दल आहे. कॉलेजपासूनचा पाच जणींचा ग्रुप आता वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरता उरला आहे. फोन करायचा तर तो यांनीच. त्यातल्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचे वडील गेले, ते यांना दोन आठवड्यांनी कळलं आणि तेही दुसऱ्याच मैत्रिणीच्या स्टेटसवरून. विचारलं तर “तुला तिकडे उगाच टेन्शन कशाला द्यायचं” असं उत्तर मिळालं. मागच्या सुट्टीत सगळ्या एका संध्याकाळी भेटल्या, पण गप्पा जुन्या आठवणींच्या पुढे सरकल्या नाहीत. राहतात तिथे त्यांनी फारशा ओळखी केलेल्या नाहीत, कारण ‘दोन-तीन वर्षांत परतच जायचं आहे’. मागच्या वर्षी त्यांची एक लहानशी शस्त्रक्रिया झाली. ती त्यांनी ना घरी कळवली, ना मैत्रिणींना. शेवटी त्या विचारतात: “मी फोन करणं थांबवलं तर ही मैत्री महिन्याभरात संपेल. एकटीनं ओढत राहू, की सोडून देऊ?”

प्रिय मैत्रिणी,

‘थांबून बघते, कोणाचा फोन येतो ते’ असं मनात आलं असेल तर तो प्रयोग कृपा करून करू नका. घरापासून लांब राहणारी बरीच माणसं कधी ना कधी तो करतात आणि निकाल बहुतेक वेळा ठरलेला असतो: कोणाचाच फोन येत नाही. मग आपण स्वतःशीच म्हणतो, बघा, मी म्हणत नव्हते? पण त्या गप्प बसण्यातून सिद्ध काय होतं, हे विचारायचं राहून जातं.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात लोकांना सांगितलं होतं की, ज्याच्याशी बोलणं सुटलंय पण ज्याच्याशी बोलायला तुम्हाला आवडेल, अशा एखाद्या जुन्या मित्राला मेसेज लिहा. लोकांनी लिहिला. नंबर हाताशी होता, वेळही दिलेला होता. एवढं सगळं जुळून आलेलं असताना मेसेज प्रत्यक्षात पाठवणारे निघाले एक तृतीयांशाहून कमी. जुन्या मित्राला आपण होऊन हाक मारायला माणसं जवळजवळ अनोळख्याशी बोलण्याइतकीच कचरतात, असं त्या अभ्यासकांना दिसलं. म्हणजे इच्छा असते, मायाही असते, हातून तेवढं होत नाही. तुमच्या चौघी मैत्रिणी याला अपवाद असतील असं मानायला काही कारण नाही.

त्यात तुमच्या बाबतीत घड्याळाची भर. तुमची ती जवळची मैत्रीण रात्री साडेनऊला, मुलं झोपल्यावर, फोन हातात घेते असं समजा. तुमचं नाव उघडते. ‘आता तिची ड्युटी असेल का? की नाइट करून झोपली असेल? उगाच उठवायला नको, रविवारी करू.’ रविवारी पाहुणे येतात. असे दहा रविवार गेले की तुमच्या पत्रात ‘ती कधीच फोन करत नाही’ हे वाक्य येतं. दोन्ही घड्याळं तुम्हाला ठाऊक आहेत, तिला एकच ठाऊक आहे. त्यामुळे फोन बहुतेक वेळा जाणाऱ्याकडूनच होतो. यात तुमचा अपमान नाही, ती परिस्थितीची वाटणी आहे. पण ती बदलता येते. महिन्याचं ड्युटीचं वेळापत्रक लागलं की त्याचा फोटो तिला पाठवून द्या. खाली एक ओळ: ‘खुणा केलेल्या दिवशी संध्याकाळी मी मोकळी आहे, बिनधास्त कर.’ अवघड असं यात काही नाही, पण हे करणारी माणसं फार थोडी. “मला कधीही फोन कर ना!” असं मात्र म्हणू नका. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला ‘कधीही’ फोन करायची हिंमत कोणाची होत नाही.

आता ‘एकटीनं ओढत राहू’ या शब्दांकडे येते. आधी ही मैत्री दोघी-तिघींनी मिळून ओढली होती आणि आता ओझं एकटीवर पडलं, असा त्याचा अर्थ होतो. खरं सांगायचं तर तेव्हा ती कोणीच ओढत नव्हतं. कॉलेजचं वेळापत्रक ओढत होतं. रोज एकाच वर्गात बसायचं, एकाच बसची वाट बघायची, परीक्षेच्या आदल्या रात्री एकाच खोलीत जागायचं. कॅन्सस विद्यापीठातले संवादशास्त्राचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अंदाज मांडला. नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात, मैत्री म्हणावी असं नातं व्हायला ९० आणि जिवलग होण्यासाठी २०० च्या वर. कॉलेजात हे दोनशे तास नकळत भरले जातात. नंतर ते कोणी भरून देत नाही. तुमच्या चौघी मैत्रिणी एकमेकींना किती वेळा भेटतात, कधी विचारलंत का? अंतर फक्त तुमच्याशीच पडलं आहे असं तुम्हाला वाटतंय, कारण तुमच्याकडे त्याला एक सोपं कारण आहे: विमान. एकाच शहरात राहून वर्षानुवर्षं न भेटणाऱ्या मैत्रिणींची पत्रंही माझ्याकडे येतात.

तरीही वडील गेल्याची बातमी स्टेटसवरून कळणं, हे लागणारच. त्या दुखण्याला मी ‘समजून घ्या’ म्हणून झाकणार नाही. पण त्याच पत्रात चार ओळी खाली तुम्ही काय लिहिलंय, ते पुन्हा वाचा. स्वतःची शस्त्रक्रिया तुम्ही कळवली नाहीत. का? तुमचेच शब्द देते: ‘सगळ्यांना उगाच काळजी लागली असती, आणि इतक्या लांबून कोण काय करणार?’ तिनं वडिलांच्या बाबतीत जे केलं, नेमकं तेच तुम्ही स्वतःच्या बाबतीत केलंत. दोघींनीही प्रेमापोटी केलं, आणि दोघींनीही एकमेकींना एकच गोष्ट कळवली: तू आता माझ्या सुखाच्या यादीत आहेस, अडचणीच्या यादीत नाहीस.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. फोन कोण करतं, किती वेळा करतं, हा वरवरचा भाग झाला. सहा वर्षांत तुम्ही पाच जणी एकमेकींना फक्त ‘सगळं छान चाललंय’ दाखवत आलात. तुमच्याकडून बर्फाचे फोटो, त्यांच्याकडून मुलांच्या बक्षीस समारंभाचे. त्यात खोटं काही नाही. पण ज्या माणसाला आपली काही गरज आहे असं दिसतच नाही, त्याच्यापर्यंत आपली गरज घेऊन जायला जीभ वळत नाही. परदेशी गेलेल्या माणसाचा हा नेहमीचा घोटाळा. तो येताना बॅगा भरून वस्तू आणतो, गरज पडली तर पैसेही पाठवतो, पण मागत कधीच काही नाही. देणाऱ्याबद्दल लोकांना आदर वाटतो. जवळीक वाटायला मात्र कधीतरी त्याच्याही काही उपयोगी पडायची संधी मिळावी लागते.

म्हणून पहिलं काम. त्या मैत्रिणीला फोन करा, तिच्या वडिलांबद्दल बोलायला. उशीर झालाय म्हणून थांबू नका. पहिल्या पंधरा दिवसांत घर भरलेलं असतं. दोन-तीन महिन्यांनी विचारणारं कोणी उरत नाही, आणि बोलावंसं खरं तेव्हा वाटतं. ‘मला का कळवलं नाहीस’ हा विषय त्या फोनवर काढू नका. ‘काका शेवटी घरी होते का? तुझी आई कशी आहे? कागदपत्रांचं कोण बघतंय?’ असं विचारा. तुम्हाला त्यांची एखादी आठवण असेल तर सांगा. ती रडली तर फोन ठेवायची घाई नको. तुमचं दुखणं पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या फोनवर, एकदाच, सरळ सांगा: “ते मला स्टेटसवरून कळलं, वाईट वाटलं गं. मी येऊ शकत नाही हे मला कळतं. पण पुढच्या वेळी अर्ध्या रात्री का होईना, कळव.” आणि त्याला जोडून तुमची शस्त्रक्रिया सांगून टाका. ती चिडेल. चिडू द्या.

आता फोनवरच्या बोलण्याबद्दल, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. दोन महिन्यांनी लागलेला फोन कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे.

“काय म्हणतेस?”
“काही विशेष नाही गं. तू सांग.”
“माझंही तेच. ड्युटी नि घर. मुलं काय म्हणतात?”
“मजेत. थंडी आहे का तिकडे?”

यात कोणाचं प्रेम कमी झालेलं नाही. दोन महिन्यांनी बोलताना ‘सांगण्यासारखं’ काहीतरी लागतं, आणि माणसाच्या आयुष्यात सांगण्यासारखं असं महिन्याला फार तर एखादं घडतं. बाकी सगळा किरकोळ माल. वरच्या मजल्यावरच्या माणसाशी झालेली बाचाबाची, साहेबांनी मीटिंगमध्ये मारलेला टोमणा, न मिळणारी चावी. जवळच्या माणसाशी आपण बोलतो ते याच मालाबद्दल. पण तो दोन दिवसांत शिळा होतो, दोन महिने टिकत नाही. त्यामुळे मोठा, निवांत फोन कधी होईल याची वाट बघत बसू नका. रविवारचा तासाभराचा फोन म्हणजे दोघींच्या डोक्यावर एक कार्यक्रम होऊन बसतो आणि कार्यक्रम पुढे ढकलले जातात. त्यापेक्षा ड्युटी संपवून बसस्टॉपकडे चालताना दीड-दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाका. “आज लिफ्ट बंद, चार मजले चढले, वर गेल्यावर कळलं की पेशंटला खालच्या वॉर्डात हलवलंय.” बस. शेवटी ‘उत्तर नाही दिलंस तरी चालेल’ म्हणायला विसरू नका. ते ऐकल्यावर समोरच्याच्या मानेवरचं ओझं उतरतं, आणि गंमत म्हणजे उत्तर लवकर येतं.

आवाजच का, टाइप का नको? अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०२१ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधताना फोनवर बोलणं अवघडल्यासारखं होईल, त्यापेक्षा ईमेल बरा, असा लोकांचा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोललेल्यांना जास्त जवळीक वाटली आणि अवघडलेपण काही जास्त जाणवलं नाही. व्हॉइस मेसेज हे अर्थातच समोरासमोरचं संभाषण नव्हे, पण घड्याळं जुळत नाहीत तिथे आवाज पोचवायचा तो चांगला मार्ग आहे, असा माझा अनुभव. आठ-आठ मिनिटांचे मेसेज मात्र पाठवू नका. ते ऐकायचे राहतात, राहिले की ऐकायची लाज वाटते, आणि लाजेपोटी माणूस आणखी गप्प होतो.

जाता जाता त्या निळ्या टिकांबद्दल. व्हॉट्सअॅपनं त्या २०१४ मध्ये आणल्या, आणि तेव्हापासून ‘वाचलं पण उत्तर दिलं नाही’ हा एक नवाच गुन्हा जन्माला आला. पत्रांच्या काळात उत्तराला महिना लागला तरी दोष टपालखात्याचा असायचा. सेटिंगमध्ये जाऊन त्या बंद करा. मग, ग्रुपमधले आणि व्हॉइस मेसेज सोडले तर, तुम्ही दुसऱ्यांचे मेसेज वाचल्याचं त्यांना दिसत नाही, आणि त्यांनी तुमचे वाचल्याचं तुम्हाला दिसत नाही. तुमच्या बाबतीत हा दुसरा फायदा मोठा.

आणखी एक गोष्ट तुम्हाला इतरांपेक्षा सोपी जावी. शिफ्ट संपताना तुम्ही पुढच्या नर्सला हँडओव्हर देता: कोणाचा रिपोर्ट यायचा आहे, कोणाकडे रात्री दोनदा बघायचं. मैत्रिणींचं तसंच करा. तिनं बोलताना म्हटलं की गुरुवारी मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, तर फोन ठेवल्याबरोबर कॅलेंडरमध्ये गुरुवारी संध्याकाळी टाका. गुरुवारी विचारा: ‘नंबर वाढला का?’ तीन शब्दांचा मेसेज. लांब राहणाऱ्या माणसाला वाटतं आपल्याला त्यांचं रोजचं काही ठाऊक नसतं. ठाऊक नसतं कारण आपण पुढचं विचारत नाही. वाढदिवस सगळ्यांना फोनच लक्षात आणून देतो, त्यामुळे त्या शुभेच्छांची किंमत उरलेली नाही. नाही त्या दिवशी केलेली चौकशी लक्षात राहते.

मुद्दा आणखी पुढे नेता येतो. एकमेकींच्या आयुष्यात काहीतरी काम असू द्या. तुम्ही नर्स आहात. मैत्रिणीच्या आईचे रिपोर्ट समजावून सांगणं, डॉक्टरांना काय विचारायचं याची चार प्रश्नांची यादी करून देणं हे तुम्ही हजारो मैलांवरून करू शकता. (औषधं बदलायचा सल्ला फोनवरून देऊ नका, हे तुम्हाला सांगायला नको.) उलट तुम्ही तिला काय मागाल? आईला एकदा जाऊन बघून ये, असं सांगा. तुमच्या नव्या घराच्या कराराचा मसुदा तिला वाचायला द्या, ती वकील असेल तर उत्तमच, नसेल तरी द्या. तिचा सल्ला घ्या आणि मग सांगा की घेतला.

पुरुष वाचकांसाठी इथे थोडं थांबते, कारण त्यांची पत्रं कमी येतात पण अडचण तीच असते. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार या संशोधकांनी शाळा संपवून पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांच्या एका छोट्या गटाचा दीड वर्ष मागोवा घेतला. मुलींची मैत्री टिकायला बोलण्याचा उपयोग झाला. मुलांच्या बाबतीत बोलण्यानं फारसा फरक पडला नाही, बरोबर काहीतरी केल्यानं पडला. गट लहान होता, आणि बाई-पुरुष असा सरसकट फरक मी त्यातून काढणार नाही. पण ‘फोनवर काय बोलायचं ते सुचत नाही’ म्हणणाऱ्यांनी बोलायचा नाद सोडून एकत्र काही करावं: ऑनलाइन बुद्धिबळाचा डाव दिवसाला एक खेळी या गतीनं, एकच सामना आपापल्या घरी बघताना कॉमेंट्री, दोघांनी एकच पुस्तक. परदेशात काम करणाऱ्या फिलिपिनो आयांबद्दलच्या अभ्यासात असं आढळलं आहे की काही घरांत वेबकॅम तासन्‌तास नुसता चालू असतो. इकडे आई तिचं काम करते, तिकडे मुलं अभ्यास करतात, मधूनच कोणी एक वाक्य बोलतं. बोलायचं बंधन नाही, सोबत मात्र आहे. मैत्रिणींतही हे चालतं. तुम्ही कपड्यांच्या घड्या घाला, ती मुलाच्या वह्यांना कव्हर घालेल.

आता ग्रुपचा विषय. तुमचं नातं ‘ग्रुप’शी नाही, चौघींशी चार वेगवेगळी नाती आहेत. ती चारही सारख्या ताकदीनं जपायचा हट्ट तुम्हाला दमवतोय. वर ज्यांचं नाव आलं ते डनबार माणसाच्या ओळखींची वर्तुळं मांडतात: सगळ्यात आतलं साधारण ५ जणांचं, मग १५, मग ५० आणि बाहेरचं १५०. आकडे अगदी ब्रह्मवाक्य मानू नका, त्यावर वाद आहेत. पण आतल्या वर्तुळात जागा फार थोडी, हे कोणालाही पटेल. त्यात तुमचे आईवडील, भाऊ आहेतच. तर चौघींतल्या दोघी निवडा. वर सांगितलेलं सगळं त्या दोघींपुरतं करा. उरलेल्या दोघी बाहेरच्या वर्तुळात जाऊ द्यात, राग न धरता, काही जाहीर न करता. बाहेर गेलेलं माणूस परत आत येऊ शकतं. २०२२ मधल्या एका मोठ्या अभ्यासमालेत दिसलं की आपण अचानक केलेल्या चौकशीचं समोरच्याला किती अप्रूप वाटतं, याचा अंदाज आपण नेहमी कमीच करतो, आणि संपर्क अगदी अनपेक्षित असेल तेव्हा ते अप्रूप जास्तच असतं. थोडक्यात, पाच वर्षांनी केलेला फोनही चालतो.

सुट्टीतल्या भेटीचं थोडक्यात सांगते. सगळ्यांना एका संध्याकाळी एका टेबलाभोवती बसवलं की आठवणीच निघणार, कारण पाचही जणींना समान तेवढंच उरलंय. पुढच्या खेपेला त्या दोघींपैकी एकीला आधीच विचारा, ‘तुझी कामं कधी आहेत?’ आणि त्या दिवशी तिच्याबरोबर फिरा. बँकेत, मुलाच्या शाळेत, जिथे ती जाईल तिथे. रांगेत उभं राहून जेवढं बोलणं होतं तेवढं ठरवून भेटल्यावर होत नाही.

यापुढचं तुम्हाला आवडणार नाही. ‘दोन-तीन वर्षांत परतच जायचं आहे’ हे तुम्ही सहा वर्षं म्हणताय. परत जाल किंवा जाणार नाही, तो निर्णय तुमचा, त्यावर मी काही बोलत नाही. पण तोवर जिथे राहता तिथे कोणी नाही. भूल देऊन शस्त्रक्रिया झाली की घरी सोडताना ‘न्यायला कोण आलंय, रात्री सोबत कोण आहे’ हे विचारतात. तुम्ही स्वतः पेशंटना रोज विचारत असाल. तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत? टॅक्सी केलीत आणि शेजारीण येणार आहे असं सांगितलंत, असं तर झालं नाही ना?

राहत्या जागी मैत्रिणी केल्या तर जुन्यांशी बेइमानी होते असं तुम्हाला वाटतं, तुम्ही लिहिलं नसलंत तरी ते जाणवतं. होतं उलटंच. तिथे कोणी नसल्यामुळे दिवसभराचं सगळं एकटेपण तुम्ही त्या एका फोनवर टाकता, आणि तो फोन तेवढं पेलू शकत नाही. समोरच्यालाही ते कळतं. आपण फोन केला नाही तर हिचं कोणीच नाही, ही जाणीव झाली की माणूस प्रेमानं फोन करत नाही, धास्तीनं टाळतो. वॉर्डातली एक सहकारी, शेजारची एक बाई, आठवड्यातून एकदा जायचा कुठलातरी वर्ग, एवढ्यावर सुरुवात होते. दोनशे तासांचा तो हिशेब इथेही लागू आहे, आणि सहा वर्षांत तो सहज भरला असता. उद्यापासून धरलात तरी दोन वर्षांत भरेल.

भावाबद्दल दोनच वाक्यं, कारण तुम्ही विचारलेलं नाही. रोज आईवडिलांशी बोलता तेव्हा तो शेजारच्या खोलीत असतो. महिन्यातून दोनदा त्याच्याच नंबरवर फोन करून आईच्या गोळ्यांचं सोडून त्याचं कसं चाललंय ते विचारा, नाहीतर काही वर्षांनी त्याच्याबद्दलही तुम्ही मला असंच पत्र लिहाल.

काही व्यवहाराच्या गोष्टी, इतर वाचकांनाही लागतील म्हणून. ठरलेला फोन असेल तर तो कॅलेंडरमध्ये घरच्या वेळेनुसार नोंदवा. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, अमेरिकेत बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या आठवड्यांत ‘ही फोन करणार होती, केलाच नाही’ असे गैरसमज हमखास होतात. चीनमध्ये व्हॉट्सअॅप चालत नाही, संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून कॉल करण्यावर वर्षानुवर्षं बंधनं आहेत. तिथे जाणाऱ्यांनी निघण्याआधीच आईवडिलांच्या आणि मित्रांच्या फोनमध्ये चालणारं अॅप टाकून, एकदा लावून बघावं. मागाहून ते फोनवरून समजावणं म्हणजे मैत्रीची परीक्षाच.

तर, ओढायचं की सोडायचं? निदान सहा महिने दोन्ही करू नका. दोघींबरोबर वर सांगितलेलं करून बघा, आणि फोन कोणी लावला हे मोजायचं सोडून द्या. फोन लागल्यावर काय होतं ते बघा. तुम्ही मागच्या वेळी सांगितलेलं तिला आठवतं का? ती स्वतःहून एखादी अडचण सांगते का? फोन घेता आला नाही तर दोन-चार दिवसांत उलटा करते का? यातलं एखादं होत असेल, तर नंबर तुम्हीच फिरवावा लागतो एवढ्यावरून त्या नात्याला एकतर्फी म्हणू नका. आणि यातलं काहीच होत नसेल, तुमची शस्त्रक्रिया ऐकूनही पुढच्या फोनला ‘थंडी आहे का तिकडे’ हाच प्रश्न आला, तर मग फोन कमी करा. भांडण नको, लांबलचक निरोपाचा मेसेज तर नकोच. दुःख होईल, काही दिवस राहील.

ज्यांची मैत्रीण किंवा मित्र परदेशी आहे आणि जे स्वतः घरी आहेत, त्यांनाही एक विनंती. तिकडे किती वाजले असतील याचा हिशेब करत बसू नका. झोपणारं माणूस फोन सायलेंट करून झोपतं. मनात आलं की मेसेज टाका, सकाळी उठल्यावर ती बघेल. आणि वाईट बातमी असेल तर ती आधी तिला कळवा, स्टेटस नंतर ठेवा.

तुमची,
ताई